बंद पडलेली चिप आणि तिची प्रतिकृती



या व्यासपीठावरून आपण इतिहास ऐकता, अर्थकारण ऐकता, वेदान्तही ऐकता. अशा ठिकाणी उभे राहून जुन्या व्हिडिओ गेमच्या दुरुस्तीविषयी बोलावयाचे म्हणजे देवळाच्या सभामंडपात भोवरा फिरविण्यासारखे आहे, याची आम्हांस जाणीव आहे. चालकांनी विषय विचारला तेव्हा आम्ही तो जरा दबकतच सांगितला. ते हसले आणि म्हणाले, "हरकत नाही, मुले तरी येतील." मुले आलेली दिसतात. पण मागल्या रांगांत जे पंचेचाळीस-पन्नाशीचे गृहस्थ बसले आहेत, त्यांच्या चेहऱ्यांकडे पाहता मुले हे केवळ निमित्त असावे अशी आम्हांस शंका येते.

खेळ क्षुल्लक असेल. प्रश्न क्षुल्लक नाही. प्रश्न असा, की ज्या वस्तूचा एक भाग आज जगात कोठेही नव्याने तयार होत नाही, ज्याचा नकाशा कोणी कधी प्रसिद्ध केला नाही, आणि ज्याची करणारी कंपनी कदाचित बुडूनही गेली आहे, ती वस्तू मोडली म्हणजे काय करावयाचे? भंगारात घालावयाची, की तो भाग आपणच पुन्हा घडवावयाचा? आणि घडविला, तर त्याला खरा म्हणावयाचे की खोटा?

प्रथम हा भाग म्हणजे काय ते पाहू. पूर्वी रेडिओचा व्हॉल्व्ह गेला की दुसऱ्या कंपनीचा त्याच क्रमांकाचा व्हॉल्व्ह बसविता येत असे. चिपांचेही बरेचसे तसेच आहे. ७४०० मालिकेतील साधी चिप कोणत्याही कारखान्याची घ्या, तिचे पाय तेच, तिचे वर्तन तेच, आणि ते छापील माहितीपत्रकात दिलेले. या झाल्या बाजारी चिपा. पण काही कंपन्या स्वतःच्या यंत्रापुरती चिप स्वतःच आखून करवून घेत. त्यांना आपण खास चिपा म्हणू. असे करण्याची कारणे दोन. पहिले काटकसरीचे. इंग्लंडात १९८० साली निघालेल्या झेडएक्स ८० या छोट्या संगणकात २१ चिपा होत्या; पुढल्याच वर्षीच्या झेडएक्स ८१ मध्ये त्या चारवर आल्या, कारण बाकीच्यांचे बहुतेक काम एकाच खास चिपेत कोंबले गेले. दुसरे कारण गुप्ततेचे. बाजारी चिपांचे यंत्र कोणीही उघडून, पाहून, तसेच दुसरे जुळवू शकतो. खास चिपेच्या पोटात काय आहे ते बाहेरून दिसत नाही.

या दोन्ही कारणांचा फायदा कंपनीला तेव्हाच्या तेव्हा मिळाला. त्याची किंमत मात्र चाळीस वर्षांनी यंत्र सांभाळणारा देत आहे. चिप उष्णतेने मरते, स्थिर विजेच्या एका ठिणगीने मरते, आणि फार वेळा बिघडलेल्या वीजपुरवठ्याने मरते. बाजारी चिप मेली तर पाचपन्नास रुपयांचे काम. खास चिप मेली तर तिच्यासाठी दुसरे धडधाकट यंत्र मारावे लागते, म्हणजे एका रोग्याला वाचविण्यासाठी दुसऱ्या निरोग्याचे हृदय काढून घ्यावयाचे. असे किती दिवस चालणार?

आमचा या विषयाशी संबंध आला तो आपल्यापैकी पुष्कळांचा आला असेल तसाच. नव्वदच्या दशकात आपल्याकडे टीव्हीला जोडावयाचा एक खेळ घरोघर शिरला होता. पिवळ्या रंगाची ती जाड कॅसेट, ती चालली नाही की तिच्यात मारावयाची फुंकर, आणि "आता अभ्यासाला बसा" म्हणून आतून येणारी हाक, हे सगळे मागल्या रांगेत बसलेल्यांना आठवत असेल. आमच्या घरचा खेळ एका मे महिन्यात बंद पडला. आम्ही पेचकस घेऊन तो उघडला. आत पाहतो तो चिपांचा पत्ताच नाही. हिरव्या पट्टीवर डांबराच्या थेंबासारखा एक काळा गोळा तेवढा होता. कोपऱ्यावरच्या दुरुस्तीवाल्याकडे नेला. त्याने गोळ्यावर नखाने टकटक केले आणि म्हणाला, "साहेब, यात हात घालायला जागाच ठेवलेली नाही." ते वाक्य आमच्या मनात घर करून राहिले.

त्या काळ्या गोळ्याखाली काय होते ते आम्हांस पुष्कळ वर्षांनी कळले. जपानच्या निन्टेंडो कंपनीने १९८३ साली फॅमिली कॉम्प्युटर नावाचा खेळ काढला. त्याचे प्राण दोन खास चिपांत होते. रिको कंपनीने बनविलेली एक चिप गणित करी आणि आवाजही काढी. दुसरी चित्र काढी. तैवानच्या यूएमसी कंपनीने त्या दोहोंसारख्या चिपा तयार केल्या, आणि पुढे इतरांनी सगळे यंत्रच एका चिपेत घालून तिच्यावर काळी राळ ओतली. आपल्याकडे आलेले पुष्कळसे खेळ या वंशातले. म्हणजे प्रतिकृती ही आपल्याला परकी गोष्ट नाही. आपले बालपणच प्रतिकृतीवर गेले.

आणि त्या नकलेत एक मौजेची चूक होती. अस्सल चिपेत चौकोनी लहरींच्या आवाजाचे काही रंग ठरलेले असतात. लहर किती वेळ वर राहावी, पाव भाग की अर्धा भाग, यावर आवाज नाकातला येतो की भरीव, हे ठरते. कित्येक नकलांत या पाव आणि अर्ध्याची अदलाबदल झाली. सूर तेच, लय तीच, पण गळा निराळा. ज्यांनी ती नक्कल ऐकून लहानपण काढले त्यांना अस्सल यंत्रच बेसूर वाटले तर नवल नाही. प्रतिकृती चुकली की ती नुसती चुकत नाही. लोकांच्या आठवणीही त्या चुकीवर बेतल्या जातात. म्हणून प्रतिकृती करणाऱ्याची जबाबदारी मोठी आहे.

आता ही प्रतिकृती करतात कशी? मार्ग दोन आहेत. एक बाहेरून विचारण्याचा, दुसरा आत उघडून पाहण्याचा.

पहिल्या मार्गाचे उदाहरण म्हणून कमोडोर ६४ घेऊ. १९८२ सालचे हे यंत्र नावाने संगणक, पण त्याच्या चित्राची आणि आवाजाची चिप मुळात व्हिडिओ गेमसाठीच योजिलेली होती, आणि लोकांनी ते खेळण्यासाठीच अधिक वापरले. त्यात एक अडचण होती. त्याच्या गणिती चिपेला एका वेळी ६४ किलोबाइट एवढेच पत्ते ठाऊक. आणि यंत्रात तर ६४ किलोबाइटची लिहावयाची स्मृती, शिवाय २० किलोबाइटची वाचावयाची स्मृती. म्हणजे एकाच घरक्रमांकावर दोन-दोन बिऱ्हाडे. कोणत्या वेळी कोणी दार उघडावयाचे हे ठरविण्यासाठी एक २८ पायांची चिप ठेवली होती. तिला पीएलए म्हणतात. ती वाड्याच्या दरवाजावरच्या भालदारासारखी. ती मेली की पडदा काळा. आणि ती फार मरे.

एका आप्तांनी परदेशातून आणलेले असे एक यंत्र काळा पडदा घेऊन आमच्याकडे आले. पीएलए गेलेली होती. मौज अशी की, ही कमोडोरच्या क्रमांकाची चिप म्हणजे पोटात सिग्नेटिक्स कंपनीची ८२एस१०० ही बाजारी चिपच होती, फक्त तिच्यात कमोडोरचे नियम भरलेले. खास म्हणविणाऱ्या कित्येक चिपांचे असेच असते. गॅलागा या १९८१ सालच्या नाणे टाकून खेळावयाच्या यंत्रात नाणी मोजणारी आणि जॉयस्टिकचे ऐकणारी नाम्को कंपनीची एक चिप आहे. ती मेली की नाणे टाकले तरी यंत्र तोंड उघडत नाही. तीही पोटात फुजित्सूचा साधा चार बिटांचा नियंत्रक आहे. अंगरखा नवा, माणूस ओळखीचा. दुरुस्ती करणाऱ्याचे निम्मे काम हा अंगरखा ओळखण्याचे असते.

तर त्या पीएलएला १६ वाटांनी प्रश्न येतात आणि आठ वाटांनी ती उत्तर देते. प्रत्येक वाटेवर शून्य किंवा एक. म्हणजे एकूण प्रश्न ६५,५३६. माणसाला पुष्कळ, यंत्राला क्षणाचे काम. चांगल्या चिपेला हे सगळे प्रश्न विचारून उत्तरांचा कोष करावयाचा, आणि तो कोष १६ वाटा आणि आठ उत्तरे असलेल्या एका साध्या स्मृतिचिपेत भरावयाचा. आम्ही तसेच केले. यंत्र चालू झाले! निळा पडदा उजळला तेव्हा घरात पेढे वाटावेत असे आम्हांस वाटले.

आनंद आठवडाभर टिकला. एक कॅसेट लावली की खेळ मधेच गोठू लागला. पाटीवरचा कोष आम्ही पुनःपुन्हा तपासला. एकही उत्तर चुकीचे नव्हते. मग चूक कोठे? चूक वेळेत होती. स्मृतिचिपेला प्रश्न बदलला की नवे उत्तर देण्यापूर्वी ती क्षणभर अडखळते, काहीतरी पुटपुटते, आणि मग बरोबर बोलते. मूळ पीएलए उत्तर लवकर देई आणि मधे पुटपुटत नसे. त्या पुटपुटण्यालाच उत्तर समजून स्मृती दार उघडी, आणि सगळे कोसळे. कोष खरा होता, बोलण्याची ढब खोटी होती. पुढे आम्ही तेच नियम कोऱ्या, हवे तसे भरता येणाऱ्या तार्किक चिपेत समीकरणांच्या रूपाने घातले, तेव्हा यंत्र स्थिर झाले.

येथे आमच्या हातून झालेली दोन पापे कबूल केली पाहिजेत. पहिले असे, की मूळ मेलेली चिप आम्ही केराच्या टोपलीत टाकली. तो किती मोठा अपराध होता ते पुढे सांगतो. दुसरे असे, की चिप बदलण्याच्या उत्साहात आम्ही तिच्या मरणाचे कारण शोधले नाही. या यंत्राचा जुना वीजपुरवठा म्हातारा झाला की पाच व्होल्टऐवजी अधिक व्होल्ट सोडू लागतो, आणि चिपा एकेक करून भाजतो. आम्ही नवी पीएलए बसविली आणि त्याच पुरवठ्याला जोडली. सहा महिन्यांनी त्याने दुसरा बळी घेतला. हा बळी आवाजाच्या चिपेचा होता. तेव्हापासून आम्ही कोणतेही जुने यंत्र हाती घेतले की आधी मल्टिमीटर पुरवठ्याला लावतो. तरुण मित्रांना आमचे हेच सांगणे आहे, की चिपेची नाडी नंतर पाहा, आधी विहिरीचे पाणी पाहा.

आवाजाच्या त्या चिपेची गोष्ट तर याहून बोधप्रद आहे. तिचे नाव सिड. बॉब यान्स नावाच्या तरुण अभियंत्याने ती आखली. तीन स्वर, प्रत्येकाला लहरींचे अनेक आकार, आणि वर आवाज गाळणारी एक चाळणी. पीएलए हो किंवा नाही एवढेच बोलते, सिड गाते. आणि गाणाऱ्याला ६५,५३६ प्रश्न विचारून त्याचा गळा कळत नाही. तिची चाळणी एका चिपेत एक, दुसऱ्या चिपेत दुसरी. कारखान्यातून एकाच दिवशी निघालेल्या दोन चिपाही अगदी सारख्या गात नसत.

त्यात आणखी एक गंमत. पहिल्या जातीच्या सिडमध्ये एक दोष होता. आवाज लहानमोठा करण्याचा आकडा बदलला की चिपेतून टक् असा ठोका निघे. संगीत रचणाऱ्या कल्पक पोरांनी हा दोष हेरला. आकडा अतिशय वेगाने बदलत राहिले तर त्या ठोक्यांतूनच माणसाचा आवाज, ढोलाचा आवाज काढता येतो, हे त्यांनी शोधले आणि खेळांतून तसे आवाज घातले. पुढे कंपनीने चिप सुधारली, दोष बराच काढला, आणि त्या खेळांतले ढोल एकदम दबले! आता सांगा, प्रतिकृती करणाऱ्याने काय करावे? दोष काढावा की ठेवावा?

आमचे उत्तर निःसंदिग्ध आहे. ठेवावा. एकनाथमहाराजांनी शके १५०६ मध्ये, म्हणजे १५८४ साली, ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली. नाथ स्वतः थोर कवी. चार ओव्या आपल्या घालणे त्यांना जड नव्हते. त्यांनी लोकांच्या हातून शिरलेल्या चुका काढल्या, पण मूळ ग्रंथात स्वतःची भर घालू नये असाच दंडक घातला. नकलेत शिरलेली चूक आणि मूळ कर्त्याच्या हातची लकब यांत फरक करणे हेच प्रतिकृती करणाऱ्याचे शास्त्र. पाव आणि अर्ध्याची अदलाबदल ही पहिल्या जातीची. ती दुरुस्त करावी. सिडचा ठोका दुसऱ्या जातीचा. त्याला हात लावू नये.

पण काही चिपा अशा असतात की त्यांना बाहेरून विचारून भागत नाही. पीएलएला आठवण नसते. आज विचारा, उद्या विचारा, त्याच प्रश्नाला तेच उत्तर. जिला आठवण असते ती चिप आधी काय घडले ते लक्षात ठेवून उत्तर बदलते. अशा चिपेचे प्रश्न संपतच नाहीत. तेथे दुसरा मार्ग धरावा लागतो, म्हणजे आत उघडून पाहावे लागते.

तीव्र नायट्रिक आम्ल गरम करून वरची राळ विरघळवितात. सिलिकॉनचा नखाएवढा तुकडा त्यातून शाबूत निघतो. आमच्या बालमित्रांनी हे घरी करून पाहू नये. त्या वाफा फुप्फुसे जाळतात, हे काम प्रयोगशाळेचे. मग त्या तुकड्याची सूक्ष्मदर्शकाखाली तुकड्यातुकड्याने छायाचित्रे घेतात, ती गोधडीसारखी जोडतात. वरचा धातूचा थर काढून खालच्या थरांची पुन्हा घेतात. मग माणूस बसतो आणि एकेक तार, एकेक ट्रान्झिस्टर हाताने रेखाटतो. काही चिपांत भरलेला कार्यक्रम चित्रात सरळ वाचता येतो. काहींत तो डोळ्यांना दिसतच नाही, निराळे रसायन लावून त्याला रंग आणावा लागतो.

याचा प्रसिद्ध दाखला म्हणजे ६५०२ ही चिप. ती १९७५ सालची. अटारीच्या घरगुती खेळात तिचेच धाकटे भावंड होते, आणि निन्टेंडोच्या त्या रिको चिपेचा गाभाही तिच्याच घराण्यातला. तिच्यात ट्रान्झिस्टर सुमारे साडेतीन हजार. २०१० साली तिघा जणांनी तिची छायाचित्रे घेऊन, सगळ्या रेषा रेखाटून, संगणकाच्या पडद्यावर ती चिप तारेतारेने पुन्हा जिवंत केली. पुरातत्त्वाच्या एका अमेरिकन नियतकालिकाने पुढल्या वर्षी त्यांच्यावर लेख लिहिला. त्यात नवल नाही, कारण हे उत्खननच आहे. थरामागून थर काढावयाचा, प्रत्येकाची नोंद करावयाची, आणि काढलेला थर परत बसविता येत नाही हे लक्षात ठेवावयाचे.

आणि येथेच आमच्या त्या केराच्या टोपलीची आठवण होते. उघडलेली चिप पुन्हा चालत नाही. मग उघडावयाची कोणती? चालती चिप उघडणे जिवावर येते. पण मेलेली चिप बहुतेक वेळा एखाद्याच ठिकाणी जळलेली असते. बाकी सगळा नकाशा तिच्यात जसाच्या तसा असतो. तीन मेलेल्या चिपा एकमेकींशी ताडून पाहिल्या तर एकीचे गेलेले अक्षर दुसरीत सापडते. आम्ही टोपलीत टाकले ते प्रेत नव्हते, पोथी होती.

तिसरी एक जात आहे, ती सर्वांत करुण. तिच्यात चिप मरत नाही, तिची आठवण मरते. जपानच्या कॅपकॉम कंपनीच्या खेळांच्या चोरट्या नकला फार होऊ लागल्या, तेव्हा १९९३ सालापासून तिने नाणे टाकून खेळावयाच्या यंत्रांत नवी योजना केली. खेळ कूटलिपीत लिहिलेला. आणि कूट उलगडण्याची किल्ली एका छोट्या बॅटरीच्या जिवावर तगणाऱ्या स्मृतीत ठेवलेली. बॅटरी संपली की किल्ली गेली, किल्ली गेली की पडद्यावर नुसता एक रंग. सर्व भाग धडधाकट, आणि यंत्र मुके. खेळणाऱ्यांनी त्या बॅटरीला आत्मघातकी बॅटरी असे नाव दिले. ती किल्ली केवढी होती? सगळी मिळून वीस बाइट. एका चिठोऱ्यावर लिहिता आली असती. पण ती लिहून ठेवली असती तर ती किल्ली कसली, असे तेव्हाच्या शहाण्यांस वाटले असेल!

काही वर्षे लोकांनी यावर एक उपाय केला. कूट आधीच उलगडून, साध्या लिपीत लिहिलेला खेळ नव्या चिपांत भरून ते बसवीत. यंत्र चाले, पण आतला मूळ लेख गेला. इटलीचे निकोला साल्मोरिया यांनी १९९७ साली जुन्या यंत्रांचे हुबेहूब वर्तन संगणकावर उतरविण्याचा मोठा उद्योग आरंभिला होता. त्यांनी आणि एका सहकाऱ्याने २००७ साली ते कूट सोडविले. २०१६ साली दुसऱ्या काही अभ्यासकांनी मृत यंत्रात ती किल्ली परत कशी भरावी हे शोधले आणि जाहीर केले. आता मूळ लेखाला हात न लावता, फक्त वीस बाइट परत देऊन, ते मुके यंत्र बोलते. पहिली दुरुस्ती आणि दुसरी दुरुस्ती यांतले अंतर आपण लक्षात घ्यावे. पहिलीने खेळ वाचविला, दुसरीने यंत्र वाचविले.

आता आपल्यापैकी कोणी वकील म्हणतील, हे सगळे ठीक, पण दुसऱ्याची चिप उघडून तशी करणे ही चोरी नव्हे काय? प्रश्न रास्त आहे. अमेरिकेने १९८४ साली आणि आपल्या देशाने २००० साली चिपांच्या आराखड्याच्या रक्षणाचा कायदा केला. दोहोंकडे नोंदलेल्या आराखड्याचे रक्षण दहा वर्षांचे, आणि अभ्यासासाठी, शिकविण्यासाठी उघडून पाहण्यास दोहोंकडे मुभा. तेव्हा ज्या चिपांविषयी आपण बोलत आहोत त्यांचे आराखडे केव्हाच मोकळे झाले. पण चिपेत भरलेला कार्यक्रम ही निराळी गोष्ट; तो ग्रंथासारखा आहे, त्याचा हक्क पुष्कळ अधिक काळ चालतो. घर बांधण्याची रीत मोकळी असली तरी घरात ठेवलेले पुस्तक मोकळे होत नाही. दुरुस्तीसाठी एक प्रत आणि विकण्यासाठी हजार प्रती यांतली रेषा आपली आपणच सांभाळली पाहिजे.

या रेषेवर घसरल्याचा एक दाखला न्यायालयाच्या निकालातच आहे. निन्टेंडोने अमेरिकेत विकलेल्या यंत्रात एक कुलूपचिप होती आणि प्रत्येक कॅसेटमध्ये तिची जोडीदार. दोघींचे संभाषण जुळले नाही की यंत्र पुनःपुन्हा आरंभापासून सुरू होई. अटारी गेम्स कंपनीने त्या चिपेचे थर रसायनाने सोलून पाहिले, पण उकल होईना. तेव्हा १९८८ साली तिच्या वकिलांनी सरकारी स्वामित्व कार्यालयातून त्या कार्यक्रमाची प्रत मिळविली. आणि ती मिळविताना, आमच्यावर खटला चालू आहे, असे सांगितले. तेव्हा असा खटला नव्हता. १९९२ साली न्यायालयाने निकाल दिला. त्याचे सार असे, की आपल्या हक्काच्या प्रतीवरून, समजून घेण्यासाठी उकल करणे न्याय्य ठरू शकते. पण खोटे बोलून मिळविलेल्या प्रतीच्या आधारे त्या सवलतीचा दावा करता येत नाही. चिप उघडणाऱ्याचे हात आम्लाने डागाळले तरी चालतील. खोटेपणाने डागाळलेले चालत नाहीत.

शेवटी मूळ प्रश्नाकडे येतो. घडविलेली चिप खरी की खोटी? आमच्या मते तिच्यावर काय लिहिले आहे यावर ते अवलंबून आहे. नवी चिप जुन्या कंपनीचे नाव कोरून जुनी म्हणून विकली तर ती खोटी, मग ती कितीही उत्तम चालो. आणि "ही प्रतिकृती आहे, हिच्यात अमुक गोष्ट मूळासारखी आहे, अमुक नाही" असे सांगून बसविली तर ती खरी दुरुस्ती.

पण याहूनही महत्त्वाचे एक आहे. आज आपण ज्या कोऱ्या चिपांत जुन्या चिपांचे नियम भरतो, त्या कोऱ्या चिपांच्याही काही जाती आता निघत नाहीत. पाच व्होल्टवर चालणाऱ्या तर दुर्मिळच. नव्यांना तीन-साडेतीन व्होल्ट लागतात, म्हणून मधे दुभाषी चिपा बसवाव्या लागतात. म्हणजे आजची प्रतिकृती उद्याची दुर्मिळ वस्तू. मग टिकणार काय? टिकणार ते वर्णन. ही चिप काय करते, कोणत्या क्षणी करते, कोठे अडखळते, याचा जो लेख आपण लिहून ठेवू, त्यावरून पुढली पिढी तिच्या काळात मिळेल त्या मातीची मूर्ती घडवील. काही कारागीर प्रतिकृती करतात, विकतात, आणि नियम मात्र मुठीत ठेवतात. त्यांच्या श्रमांचे मोल त्यांना अवश्य मिळावे. पण लेख लिहिला नाही, तर त्यांनी त्या जुन्या कंपनीचेच काम पुढे चालविले. काळ्या गोळ्यावर आणखी एक काळा गोळा ओतला.

आणि ही संधी एकाच पिढीच्या यंत्रांपुरती आहे, हेही ध्यानात असू द्या. साडेतीन हजार ट्रान्झिस्टर माणूस हाताने रेखाटू शकतो. आज आपल्या खिशातल्या फोनमध्ये ते अब्जावधी आहेत आणि साध्या प्रकाशाच्या सूक्ष्मदर्शकाला दिसणार नाहीत इतके लहान आहेत. माणसाने बनविलेली चिप माणसानेच डोळ्यांनी वाचावी, असा काळ थोडा होता. त्या काळाच्या पोथ्या आपल्या माळ्यांवर, अडगळीत पडलेल्या आहेत.

म्हणून जाताना एकच मागणे. घरी गेल्यावर माळ्यावरचा तो जुना खेळ खाली काढा. चालत असेल तर मुलांना दाखवा, आणि वीजपुरवठा तपासल्याखेरीज लावू नका. चालत नसेल तर भंगारवाल्याला देण्यापूर्वी कोणा जाणत्याला विचारा. आणि आपल्यापैकी जे दुरुस्ती करतात त्यांनी मेलेली चिप टाकू नये; कागदात गुंडाळून, तारीख घालून, कशाने मेली ते लिहून ठेवावी. आमच्या टेबलाच्या खणात आता अशा चिपांची एक चपटी डबी आहे. तिच्यात त्या सहा महिन्यांनी गेलेल्या सिडचीही पुडी आहे. तिच्यावर "आमच्या निष्काळजीपणाने" असे लिहिलेले आहे.